राजकन्येची कूपनं आणि निजामाचा हार

ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या लग्नाबद्दल कुठंही काही वाचायला घ्या, कूपनांची गोष्ट येतेच. तारीख 20 नोव्हेंबर 1947, लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबे, युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी कपड्यांवर रेशन चालूच, राजाच्या मुलीच्या लग्नाच्या ड्रेसलाही कूपनं लागली, सरकारनं थोडी जादा दिली, आणि देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं पोस्टानं तिला पाठवली, पण दुसऱ्याचं कूपन वापरणं कायद्यात बसत नव्हतं म्हणून राजवाड्यानं ती आभार मानून परत केली. गोष्ट खरी आहे. ऐकायलाही छान वाटते. सप्टेंबर 2022 मध्ये राणी गेल्या तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती फिरत होती, "साधेपणा याला म्हणतात" असं वर लिहून.

मला वाटतं आपण या गोष्टीतून भलतंच काहीतरी घेतोय. तो साधेपणा जेवढा होता तेवढा लोकांनी मिळवलेला होता, प्रश्न विचारून, पार्लमेंटमध्ये बोलून, पत्रं लिहून. आणि त्याच लग्नात एक भेट अशी आली की ज्यांच्या पैशातून ती आली त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. ते लोक म्हणजे हैदराबाद संस्थानातली रयत, त्यात आपला मराठवाडाही आला. त्या भेटीबद्दल बोलायचंय, पण त्याआधी लंडनमध्ये काय चाललं होतं ते नीट बघायला हवं, नाहीतर दोन्हीतला फरक लक्षात येत नाही.

1947 हे वर्ष ब्रिटनला फार जड गेलं. जानेवारीपासून मार्चपर्यंत अशी थंडी पडली की कोळसा खाणीवर पडून राहिला, गाड्या बर्फात अडकल्या, वीज कपात, कारखाने बंद, लाखो लोक घरी बसले. युद्धाच्या काळात ब्रेडवर रेशन नव्हतं, ते आलं युद्ध संपल्यावर, जुलै 1946 मध्ये. 1947 च्या शेवटाला बटाट्यावरही आलं. अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरचं कर्ज घेतलेलं होतं ते भराभर संपत चाललं होतं, जुलैमध्ये पौंडाचे डॉलर करून घ्यायला मोकळीक दिली आणि पाच-सहा आठवड्यांत ती गुंडाळावी लागली. भारताचं देणं वेगळंच. महायुद्धात इथून जो माल गेला, जो खर्च झाला, त्याचे पैसे ब्रिटननं रोख दिलेच नव्हते, लंडनच्या खात्यात नुसते लिहून ठेवले होते, युद्ध संपेपर्यंत तो आकडा सुमारे 130 कोटी पौंडांवर गेला होता. आणि लग्नाला बरोबर एक आठवडा राहिलेला असताना अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांना बजेटमधल्या गोष्टी भाषणाआधी एका पत्रकाराला बोलून गेले म्हणून राजीनामा द्यावा लागला.

अशा वेळी राजाच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. सरकार मजूर पक्षाचं, पंतप्रधान ॲटली. आता लग्न कसं करायचं हा प्रश्न घरातला राहिलाच नाही, तो देशाचा झाला. मजूर पक्षाच्या खासदारांनी उघड नाराजी दाखवली. लंडनच्या कॅम्डन टाउन भागातल्या सुतारांच्या युनियनच्या एका शाखेनं थेट राजाला पत्र लिहिलं, की आत्ताच्या परिस्थितीत लग्नात श्रीमंतीचं प्रदर्शन झालं तर तो जनतेचा अपमान होईल. सुतार राजाला असं लिहितो आणि त्याला कुणी पकडून नेत नाही, ही गोष्ट मला सगळ्या हिऱ्यामोत्यांपेक्षा मोठी वाटते. राजकन्येला आणि तिच्या करवल्यांना किती कूपनं दिली हेसुद्धा पार्लमेंटमध्ये विचारलं गेलं आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं.

ड्रेस नॉर्मन हार्टनेल यांनी केला होता. हस्तिदंती रंगाचं सॅटिन, त्यावर 10,000 बारीक मोती, ते अमेरिकेहून आणलेले. तर त्या रेशमाबद्दलही विचारणा झाली, की हे रेशमाचे किडे कुठल्या देशाचे, कारण इटली आणि जपान हे कालपरवापर्यंतचे शत्रू, त्यांचं रेशीम राजकन्येच्या अंगावर चालणार नाही. हार्टनेल यांनी चौकशी करून सांगितलं की किडे चीनचे आहेत, च्यांग कै-शेकच्या चीनचे, म्हणजे मित्रदेशाचे. आज हे वाचताना कुणाला अति वाटेल. मला नाही वाटत. ज्या घरातला माणूस जपान्यांच्या छावणीत मेला त्या घराला हा प्रश्न पडणारच, आणि उत्तर मिळणं हा त्या घराचा हक्क होता.

राजवाड्यातल्या जेवणाला तित्तर होते आणि मासे होते, कारण शिकारीचे पक्षी आणि मासळी रेशनमध्ये येत नव्हती. केक मात्र नऊ फुटी, चार थरांचा. त्याचं साहित्य लांबलांबच्या देशांतून आलेलं, ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनीही सामान पाठवलेलं, म्हणून त्याला दहा हजार मैलांचा केक म्हणायचे. ब्रुकलिनच्या एका बाईनं टर्की पाठवली कारण इंग्लंडमध्ये खायला काही नाही असं तिच्या कानावर आलं होतं. क्वीन्सलंडहून डबाबंद अननसाच्या 500 पेट्या आल्या. बाहेरून आलेलं असलं डब्यातलं अन्न पुढे विधवा आणि पेन्शनर लोकांत वाटलं गेलं.

हे सगळं सांगतोय म्हणजे मी त्या लग्नावर टीका करायला बसलोय असं कुणी समजू नये. त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांवर लोक आदल्या रात्रीपासून थंडीत पांघरुणं घेऊन झोपले होते, जगभरात 20 कोटी लोकांनी बीबीसीच्या रेडिओवर तो सोहळा ऐकला असं म्हणतात. चर्चिल यांनी खडतर वाटेवरची रंगाची एक झळक असं त्याला म्हटलं होतं आणि ते लोकांच्या मनातलंच होतं. सहा वर्षं बॉम्ब, मग दोन वर्षं रांगा, अशा माणसाला एक दिवस घोडेस्वारांचे लाल-निळे गणवेश बघून बरं वाटलं तर ते खोटं नाही. मुंबईतसुद्धा 1943 पासून रेशनिंग होतं आणि रेशनच्या काळातही आपल्या लोकांनी मुलांची लग्नं केलीच, शेजारपाजारच्यांनी साखर गोळा करून दिली म्हणून कितीतरी घरांत लाडू झाले. लग्नात आनंद करू नका असं मी कधीच म्हणणार नाही.

आणि लोकमत नेहमी बरोबरच असतं असंही नाही. फिलिप हे ग्रीसच्या राजघराण्यातले, कोर्फू बेटावर जन्मलेले, वर्ष-दीड वर्षाचे असताना घरदार सोडून परागंदा झालेले, ब्रिटिश नौदलात राहून युद्ध लढलेले. त्यांच्या तीन हयात बहिणी जर्मनांच्या घरी दिलेल्या होत्या. लोक काय म्हणतील या भीतीनं त्या तिघींना भावाच्या लग्नाला बोलावलंच नाही. आई आली, बहिणी नाहीत. त्या सासरच्या मंडळींत नाझींशी संबंध असलेले होते हे खरं, पण सख्ख्या बहिणीला भावाच्या लग्नात उभं राहू न देणं मला पटत नाही, तिथं लोकांच्या रागापुढं राजवाडा नको इतका वाकला. हे मान्य करूनही मी म्हणेन की न विचारण्यापेक्षा जास्त विचारलेलं परवडलं.

कारण पुढे बघा काय झालं. लग्न झालं आणि डिसेंबरमध्ये नव्या जोडप्याची वार्षिक नेमणूक, म्हणजे सरकारी खजिन्यातून मिळायची खर्चाची रक्कम, पार्लमेंटपुढे आली. एलिझाबेथना 40,000 पौंड आणि फिलिप यांना 10,000. त्यावर चांगलाच वाद झाला, मजूर पक्षाच्याच कितीतरी खासदारांना रक्कम जास्त वाटली, त्यांनी ती कमी करण्याच्या बाजूनं मत दिलं. शेवटी रक्कम मंजूर झाली, पण ती मंजूर होताना राजाला युद्धकाळात आपल्या नेमणुकीतून वाचलेले एक लाख पौंड सरकारकडे देऊ करावे लागले. म्हणजे राजाची मुलगी, जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य कालपर्यंत ज्यांच्या नावावर होतं त्यांची मुलगी, आणि तिच्या घरखर्चाचा आकडा सभागृहात मोठ्यानं वाचला जातो, त्यावर खाणकामगारांनी निवडून दिलेला माणूस उभा राहून बोलतो, आणि सगळ्या देशाला कळतं कोण काय बोललं. माझ्या मते त्या लग्नातलं शिकण्यासारखं आहे ते हे, कूपनं त्यातला एक छोटा भाग.

आता हैदराबादकडे येऊ.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना त्या काळात जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणायचे, 1937 मध्ये टाइम मासिकानं तसं म्हणून त्यांना मुखपृष्ठावरही घेतलं होतं. त्यांनी लंडनच्या कार्टिए पेढीला निरोप दिला की राजकन्येनं यावं आणि तिला हवं ते निवडावं. तिनं फुलांच्या नक्षीचा हिऱ्यांचा टिआरा, म्हणजे डोक्यावर घालायचा दागिना, निवडला आणि प्लॅटिनममध्ये बसवलेला हिऱ्यांचा हार. हारात 300 च्या आसपास हिरे. गळ्याभोवती नाजूक साखळी आणि पुढे छातीवर उतरत आलेली हिऱ्यांची झालर, मधोमध थेंबाच्या आकाराचा मोठा हिरा लोंबणारा. 1952 मध्ये राणी झाल्यावर जे पहिले अधिकृत फोटो काढले त्यांत हा हार त्यांच्या गळ्यात दिसतो. टिआरा पुढे 1973 मध्ये मोडला आणि त्यातले हिरे माणकांच्या दुसऱ्या टिआऱ्यात गेले, त्याचे गुलाबाचे ब्रोच मात्र राणी शेवटपर्यंत वापरायच्या. हार 2014 मध्ये राणींच्या नातसून केट यांनी लंडनच्या एका कार्यक्रमात घातला तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत "निजामाचा हार" म्हणून कौतुकानं बातम्या आल्या. त्या बातम्यांमध्ये कार्टिएचं नाव होतं, निजामाचं नाव होतं, किंमत किती असेल याचे अंदाज होते. पैसे कुठून आले हे नव्हतं.

नोव्हेंबर 1947 मध्ये निजामाचं राज्य कुठं उभं होतं ते मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. भारत स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते आणि हैदराबाद सामील झालेलं नव्हतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत तिरंगा लावणं हा गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ ऑगस्टपासून तुरुंगात होते. सत्याग्रही शिंदीची झाडं तोडून तुरुंगात जात होते, कारण शिंदीच्या दारूचा पैसा सरकारला जायचा. उमरखेड, बार्शी, सोलापूर, मनमाड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत कॅम्प उभे राहिले होते, तिथली पोरं रात्री येऊन करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायची. आणि रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीनं आख्खी गावं बैलगाड्या जुंपून ब्रिटिश मुलखातल्या, म्हणजे तोवर स्वतंत्र झालेल्या मुलखातल्या नातेवाइकांकडे निघाली होती. युद्धकाळापासून सुरू झालेली धान्याची लेव्ही होती, पिकलं न पिकलं तरी सरकारात घालायची. 

आणि महसूल. निजामाच्या राज्यात काही मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारी खजिन्याचा, काही जहागीरदारांचा, आणि काही सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीचा. राज्याच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा सर्फ-ए-खासमध्ये होता आणि त्याचं उत्पन्न सरळ निजामाच्या खिशात जायचं. उस्मानाबादकडचा मोठा भाग त्यातच यायचा. त्या कोरडवाहू भागातला ज्वारी-करडईचा शेतकरी जो सारा भरायचा त्यातून शाळा निघेल, रस्ता होईल अशी कागदोपत्रीसुद्धा सक्ती नव्हती. त्या शेतकऱ्याच्या गावातला कुणी सुतार निजामाला पत्र लिहून विचारू शकला असता का की हुजूर, लंडनच्या पोरीला हार कशाला? विधिमंडळ म्हणून जे 1946 मध्ये उभं केलं होतं त्यात खरा अधिकार कुणालाच नव्हता आणि स्टेट काँग्रेसनं त्यावर बहिष्कार टाकलेला. म्हणजे लंडनमध्ये राजकन्येच्या कूपनांचा हिशोब सभागृहात होत होता, त्याच सुमाराला तिच्यापर्यंत पोचलेल्या हाराचा हिशोब विचारायला हैदराबादमध्ये सभागृहच नव्हतं.

निजामानं हा हार का दिला? राजघराण्यांमध्ये अशी देवाणघेवाण चालते हे एक उत्तर झालंच. पण तारखा बघितल्या की माझ्या मनात दुसरंही येतं. निजामाला ब्रिटिश सरकारनं पहिल्या महायुद्धातल्या मदतीसाठी "विश्वासू दोस्त" असा किताब दिलेला होता आणि तो त्यांना फार प्रिय होता. 1947 मध्ये त्यांची सगळी धडपड ही होती की भारतात न जाता ब्रिटनच्या राजमुकुटाशी सरळ नातं ठेवावं. त्यासाठी त्यांनी लंडनचे मोठे वकील वॉल्टर मॉन्क्टन यांना ठेवलं होतं, हेच मॉन्क्टन 1936 मध्ये आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागाच्या वेळी त्याचे सल्लागार होते. दिल्लीशी "जैसे थे" करारावर, म्हणजे तूर्त आहे ती व्यवस्था चालू ठेवायच्या करारावर, सही झाली 29 नोव्हेंबरला, लग्नानंतर नऊ दिवसांनी. हार म्हणजे लाच होती असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण आपलं राज्य टिकवायला लंडनकडे डोळे लावून बसलेल्या राजानं लंडनच्या राजाच्या मुलीला हवं ते निवड असं सांगणं, हे नुसतं मामाकडून भाचीला गेलेल्या आहेरासारखं मला धरता येत नाही. ब्रिटिश सरकारनं शेवटी निजामाला तसं नातं दिलं नाहीच. हार तेवढा राहिला.

त्याच लग्नाला दिल्लीहून आणखी एक भेट गेली होती. गांधीजींची. लॉर्ड माउंटबॅटन हे नवऱ्यामुलाचे मामा, भारताचे गव्हर्नर जनरल, काश्मीरमध्ये लढाई चालू, निर्वासितांचे लोंढे चालू, आणि ते लग्नासाठी दोन आठवडे लंडनला गेले, तेवढे दिवस राजाजींनी (राजगोपालाचारी) कारभार बघितला. जाताना त्यांच्याबरोबर गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं एक विणकाम दिलं. दुहेरी सूत, एका पंजाबी मुलीनं विणलेलं, आणि मधोमध "जय हिंद" ही अक्षरं. गांधीजींकडे द्यायला दुसरं काही नव्हतं आणि असतं तरी त्यांनी दिलं नसतं. राजकन्येच्या आजी क्वीन मेरी यांना ते गांधीजींचं धोतर-पंचा काहीतरी वाटलं आणि त्यांना ते अगदी अशोभनीय वाटलं, ही हकीकत तिकडच्या आठवणींमध्ये आलेली आहे. त्या सुताचा दोरा न् दोरा कुठून आला हे सांगता येतं. कापूस, चरखा, बोटं, विणणारी मुलगी. राणींनी ते आयुष्यभर जपलं आणि नरेंद्र मोदी लंडनला गेले तेव्हा त्यांना काढून दाखवलं, याबद्दल मला राणींविषयी आदर आहे.

आता यावर लोक काय म्हणतात ते मला माहितीय, कारण हे मी बोललो की तीच उत्तरं येतात. पहिलं, भेट ती भेट, ती काही कोहिनूरसारखी युद्धात हरलेल्या पोरसवदा राजाकडून घेतलेली नाही. बरोबर आहे. म्हणून मी हार परत मागत नाहीये. दिलेली वस्तू परत मागणं बरंही दिसत नाही आणि मागून तरी कुणाला द्यायची, निजामाच्या वारसांना? त्यातून उस्मानाबादकडच्या परंड्याच्या शेतकऱ्याला काय मिळणार?

दुसरं, निजामानं चांगलं पण केलं. केलंच. उस्मानिया विद्यापीठ काढलं, दवाखाने बांधले, बनारस हिंदू विद्यापीठाला देणगी दिली, अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले, ते काम झालं नसतं तर आज अजिंठ्यात बघायला काय उरलं असतं कुणास ठाऊक. हे सगळं त्यांच्या नावावर जमा करा. पण उस्मानियात शिकलेल्या पोरानं 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्याला काढून टाकलं हेही लिहा. चांगलं काम केल्यानं हिशोब द्यायचं कारण संपत नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. निजाम मुसलमान होता म्हणून तुम्ही त्याच्या मागे लागता. किंवा उलट बाजूनं, निजाम मुसलमान होता म्हणूनच तो तसा होता. दोन्ही चूक. बडोद्याचं बघा, आपलं मराठी राजघराणं, सयाजीरावांसारखा राजा होऊन गेलेला. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात खजिन्यातून प्रचंड पैसा उचलला गेला, दागिने देशाबाहेर गेले, मोत्यांचा तो प्रसिद्ध गालिचासुद्धा महाराणी सीतादेवींबरोबर युरोपात गेला आणि 2009 मध्ये दोह्याच्या लिलावात विकला गेला. हे बाहेर कधी आलं? बडोद्यात लोकांचं सरकार आलं आणि कुणीतरी वह्या उघडून बघितल्या तेव्हा. 1951 मध्ये प्रतापसिंहरावांना गादीवरून काढलं त्यामागे हेही कारण होतं. राजा कुठल्या धर्माचा यानं काही फरक पडत नाही, वह्या कुणाला उघडता येतात यानं पडतो.

आणि चौथं, आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. तर उकरायला फार लांब जावं लागत नाही. निजामाचे बाकीचे दागिने, 173 नग, जेकब हिऱ्यासकट, भारत सरकारनं 1995 मध्ये निजामाच्या ट्रस्टकडून सुमारे 218 कोटी रुपये देऊन विकत घेतले. ते देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून घेतले आणि घेतले ते चांगलंच झालं, मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहेत, अधूनमधून प्रदर्शन लागतं. पण जरा थांबून विचार करा. ज्या रयतेच्या साऱ्यातून हे दागिने झाले, तिच्याच नातवंडांच्या टॅक्समधून त्यांची किंमत दुसऱ्यांदा भरली. प्रदर्शनाच्या बातम्या मी वाचल्यात, हिऱ्याचे कॅरेट असतात, सरपेच, बाजूबंद, कंठा अशी नावं असतात. उमरग्याच्या साऱ्याचा उल्लेख मला तरी कुठं सापडला नाही.

म्हणून मला दोनच गोष्टी मागायच्या आहेत आणि दोन्ही होण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हा हार किंवा निजामाचे दागिने जिथं कुठं लोकांसमोर ठेवले जातील, लंडनला असो नाहीतर दिल्ली-हैदराबादला, तिथल्या पाटीवर दात्याच्या नावाबरोबर हेही असावं की दात्याचं उत्पन्न कुठल्या मुलखातून यायचं, कुठल्या कराचं होतं, आणि ज्या साली भेट दिली त्या साली त्या मुलखात काय चालू होतं. चार ओळी पुरतात. आपल्याकडे मंत्र्याला परदेशात महागडी भेट मिळाली तर ती तोशाखान्यात जमा करावी लागते, कारण ती खुर्चीला मिळालेली असते, माणसाला नाही. तेच तत्त्व देणाऱ्यालाही लावलं पाहिजे, भेट खुर्चीवरून दिली असेल तर ती खुर्ची कुणाच्या खांद्यावर होती ते लिहा.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे आणि त्याबद्दल मला जास्त कळकळ वाटते. सर्फ-ए-खासचे, महसुलाचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. बहुतेक उर्दूत, जुने फारसीत. मराठवाड्यात मोडी वाचणारी माणसं अजून तयार होतात, वर्ग चालतात, पण दफ्तरी उर्दू वाचून महसुलाचा आकडा काढू शकेल असं माणूस इतिहासाच्या किती विभागांत आहे? आमच्या आजोबांच्या पिढीला उर्दू शाळेतच सक्तीनं शिकावी लागली, त्यांना हे कागद सहज वाचता आले असते, ती पिढी जवळपास संपली. दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, झेंडावंदन, भाषणं, हुतात्म्यांना हार. ते व्हायलाच पाहिजे. पण विद्यापीठांनी दरवर्षी चार-पाच मुलांना शिष्यवृत्ती देऊन उर्दू-फारसी शिकवून हैदराबादला पाठवलं, आणि एका एका तालुक्याचा 1940 ते 1948 चा सारा, लेव्ही, करोडगिरी किती आणि त्यातलं खाजगीकडे किती गेलं हे काढून मराठीत छापलं, तर त्या हाराच्या पाटीवर लिहायच्या चार ओळी आपल्याला दुसऱ्या कुणाकडे मागाव्या लागणार नाहीत. परंडा, कळंब, भूम, तुळजापूर, कुठूनही सुरुवात करा.